वाचकांचे प्रश्न : व्हर्च्युअल मशीन अधूनमधूनच का कोसळते?

प्रश्न (लातूर) : सी भाषेत स्वतःच्या छोट्या भाषेचे व्हर्च्युअल मशीन (त्या भाषेतले प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम) लिहिले आहे, कोड ओपन सोर्स ठेवला आहे. अडतीच्या पट्टीचा नमुना प्रोग्राम 'कट्टा १', 'कट्टा २' अशी नावे जोडत जातो. पाचशे कट्ट्यांपर्यंत बिनघोर चालतो. पाच हजारांना कधी बंद पडतो, कधी नावाच्या जागी कचरा छापतो, तोही दर वेळी वेगळ्या ठिकाणी. दोष कुठे शोधावा?

उत्तर : जागा बदलते म्हणजे पहिला संशय गार्बेज कलेक्टरवर, म्हणजे वापरात नसलेली मेमरी परत घेणाऱ्या भागावर. तो ठरावीक मेमरी भरल्यावरच धावतो. पाचशे कट्ट्यांत त्याची पाळीच येत नसावी. स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) जोडणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा कोड उघडा. बहुधा तिथे दोन्ही स्ट्रिंग स्टॅकवरून (चालू किमतींच्या चळतीवरून) पॉप केल्या, म्हणजे काढून घेतल्या असतील आणि मग नव्या स्ट्रिंगसाठी मेमरी मागितली असेल. त्या मागणीतच कलेक्टर धावला, की 'कट्टा' हा शब्द कॉन्स्टंट टेबलमुळे (प्रोग्राममध्ये लिहिलेल्या ठरावीक किमतींच्या यादीमुळे) वाचतो. पण अंकाची नुकतीच तयार झालेली स्ट्रिंग ना स्टॅकवर, ना ग्लोबल व्हेरिएबलमध्ये. ती बेवारस ठरून सोडली जाते आणि पुढच्याच ओळीत तुम्ही तिच्यातून कॉपी करता.

दुरुस्ती चार ओळींची आहे. पॉप न करता दोन्ही स्ट्रिंग स्टॅकवर जागच्या जागी वाचा, मेमरी घ्या, कॉपी करा, मग दोन्ही पॉप करून निकाल पुश करा (वर ठेवा). स्ट्रिंग इंटर्न करत असाल (एकसारख्या स्ट्रिंगची एकच प्रत टेबलात ठेवत असाल) तर आणखी एक फट राहते : टेबल वाढताना तेही मेमरी मागते. म्हणून नवी स्ट्रिंग टेबलात घालण्याआधी तात्पुरती स्टॅकवर ठेवा.

असे दोष योगायोगाने सापडण्याची वाट पाहू नये. चाचणीच्या बिल्डमध्ये एक स्विच ठेवा : प्रत्येक मेमरी मागणीला कलेक्टर धावलाच पाहिजे. प्रोग्राम गोगलगाय होईल, पण पाच हजारांऐवजी तीन कट्टेही पुरतील. जोडीला अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारे साधन) लावा. सोडलेली मेमरी कुठे वाचली, कुठे सोडली आणि मुळात कुठे घेतली, हे तिन्ही तो दाखवतो. मात्र तुम्ही एकच मोठा ब्लॉक घेऊन त्यातून स्वतः तुकडे वाटत असाल तर त्याला काहीच दिसणार नाही. चाचणीपुरते थेट मॅलॉक-फ्री (सीची मेमरी घेणारी आणि सोडणारी फंक्शन) वापरा.

स्टॅक रीअ‍ॅलॉकने (घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणाऱ्या फंक्शनने) वाढत असेल तर तिथलेही पाहा. जुना पत्ता लोकल व्हेरिएबलमध्ये धरून ठेवला असेल तर स्टॅक हलल्यावर तो फसवतो. पत्त्याऐवजी इंडेक्स ठेवा.

प्रश्न (नांदेड) : 'नांदेड' या शब्दाची लांबी माझे मशीन १८ सांगते, पायथन ६ सांगतो. चूक कोणाची?

उत्तर : कोणाचीच नाही. तुमचे मशीन बाइट मोजते, पायथन कोड पॉइंट (युनिकोडमधली एकेक चिन्हे). न, काना, अनुस्वार, द, मात्रा, ड हे सहा कोड पॉइंट, आणि यूटीएफ-८ मध्ये (चिन्हे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) देवनागरीच्या प्रत्येक कोड पॉइंटला ३ बाइट. वाचणाऱ्याला मात्र नां-दे-ड अशी तीनच अक्षरे दिसतात. तुमची भाषा यांतले काय मोजते ते एकदा ठरवा आणि चाचणीत लिहून टाका. मग चौथ्या बाइटनंतर स्ट्रिंग कापून पाहा. कान्याचे दोन तुकडे झालेले दिसतील. 'दऱ्या' हा शब्दही चाचणीत असू द्या. त्यातला ऱ एकाच कोड पॉइंटने लिहिता येतो किंवा र अधिक नुक्ता (खालचे टिंब) असा दोनांनी. म्हणून शब्द १५ बाइटचा होतो किंवा १८ चा, आणि बाइट जुळवणारी तुलना त्यांना वेगळे ठरवते. इंग्रजी स्ट्रिंगवरच चाचण्या करणाऱ्यांच्या हे कधी ध्यानातच येत नाही.

प्रश्न (परभणी) : स्टॅकवर चालणारे मशीन करावे की रजिस्टरवर (किमती ठेवायच्या क्रमांकित खणांवर)?

उत्तर : तुमचे पहिलेच मशीन असेल तर स्टॅकवर. जावा आणि पायथनची मशीन तशीच आहेत. लुआ या भाषेने २००३ च्या ५.० आवृत्तीत रजिस्टर धरले. दोन लोकल व्हेरिएबलची बेरीज तिसऱ्यात ठेवायला स्टॅकवर चार इन्स्ट्रक्शन लागतात, रजिस्टरवर एक. पण कुठली किंमत कोणत्या रजिस्टरात ठेवायची ही डोकेदुखी कंपायलरकडे (कोडच्या इन्स्ट्रक्शन बनवणाऱ्या प्रोग्रामकडे) जाते.

प्रश्न (उदगीर) : एका ओपन सोर्स मशीनची जुनी चाचणी आता नापास होते. नेट कमकुवत असल्याने गिटवरून (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनावरून) फक्त शेवटची कमिट, म्हणजे शेवटचा नोंदवलेला बदल उतरवली आहे. दोष कधी शिरला हे कसे शोधू?

उत्तर : तेवढ्यावर बायसेक्ट (इतिहास निम्मा-निम्मा करत दोषी कमिट शोधणारी गिटची आज्ञा) चालणार नाही. रात्री नेट बरे असताना 'अनशॅलो' पर्याय देऊन पूर्ण इतिहास फेच करा. हजार कमिट असल्या तरी दहाएक बिल्डमध्ये गुन्हेगार सापडतो. 'बायसेक्ट रन'ला द्यायच्या स्क्रिप्टने चाचणी पास झाली तर ०, नापास झाली तर १ आणि बिल्डच झाला नाही तर १२५ परत द्यावे. १२५ आले की ती कमिट वगळली जाते. अडचण क्रॅशची. सेगमेंटेशन फॉल्टला शेल १३९ देते, आणि १२७ च्या वरचा आकडा दिसला की बायसेक्ट अर्ध्यातच थांबते. म्हणून स्क्रिप्टमध्ये चाचणीच्या ओळीनंतर, ० सोडून काहीही आले तर १ परत द्या.