वाचकांचे प्रश्न : ग्लॅडस्टन घरजावई होते का?

प्रश्न : विल्यम ग्लॅडस्टन चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झाले, पण राहायचे बायकोच्या माहेरी, असे वाचले. खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. वेल्समधले हार्डन कॅसल ग्लिन घराण्याचे. कॅथरिन ग्लिनशी ग्लॅडस्टन यांचे लग्न २५ जुलै १८३९ रोजी तिथल्याच चर्चमध्ये झाले. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी तिची बहीण मेरी लॉर्ड लिटल्टन यांना दिली. इस्टेटीचे मालक होते मेहुणे सर स्टीफन ग्लिन. लग्न केले नाही, जुनी चर्चे पाहून त्यांच्या नोंदी करण्यात रमायचे आणि व्यवहारात लक्ष बेताचेच. स्टॅफर्डशरमधल्या ओक फार्म या लोखंडाच्या कारखान्यात त्यांचा मोठा हिस्सा होता. १८४७ मध्ये तो बुडाला. भागीदाराची जबाबदारी गुंतवलेल्या पैशापुरती मर्यादित ठेवणारा कायदा १८५५ मध्ये आला. त्याआधी कारखान्याचे कर्ज सरळ मालकाच्या जमिनीवर चढत असे. तसेच झाले. ग्लॅडस्टननी स्वतःच्या घरचा पैसा ओतून आणि वर्षानुवर्षे हिशेबाच्या वह्या तपासून इस्टेट वाचवली. पुढे गाजलेली त्यांची अर्थमंत्रिपदाची काटकसर आधी इथे गिरवलेली होती, असे म्हणायला हरकत नाही.

१८७४ मध्ये सर स्टीफन वारले. इस्टेट ग्लॅडस्टननी स्वतःकडे ठेवली नाही, थोरला मुलगा विल्यम हेन्री याच्या नावे केली. म्हणजे आधी मेहुण्याच्या आणि मग मुलाच्या घरात ते राहिले. विल्यम हेन्री वडिलांच्या हयातीतच, १८९१ मध्ये गेला, आणि वारसा लहानग्या नातवाकडे आला. हा नातूही पुढे खासदार झाला आणि १९१५ मध्ये फ्रान्समध्ये आघाडीवर मारला गेला.

प्रश्न : मग ‘घरचा पैसा’ कुठला? गुलामांच्या मळ्यांचा?

उत्तर : बराचसा. वडील जॉन ग्लॅडस्टन मूळचे स्कॉटलंडमधल्या लीथचे. लिव्हरपूलला येऊन धान्याच्या व्यापारात वर आले, मग जमैका आणि डेमेरारा (आजच्या गयानातला भाग) इथे त्यांनी साखरेचे मळे घेतले. १८२३ चा डेमेराराचा उठाव त्यांच्याच ‘सक्सेस’ मळ्यावर सुरू झाला. त्यातला एक म्होरक्या जॅक ग्लॅडस्टन. गुलामाला मालकाचे आडनाव लागे, ते हे असे. १८३३ मध्ये संसदेत वडिलांच्या व्रीड-एन-हूप मळ्यावर टीका झाली, तेव्हा २३ वर्षांचा विल्यम बचावाला उभा राहिला. गुलामगिरी रद्द झाल्यावर सरकारने मालकांना एकूण २ कोटी पौंड भरपाई दिली. त्यातले १ लाख ६ हजार ७६९ पौंड जॉन यांना २,५०८ गुलामांपोटी मिळाले. गुलामांना एक पेनीही नाही.

यापुढची गोष्ट आपल्या जास्त जवळची. गुलाम सुटणार म्हणताच जॉननी १८३६ मध्ये कलकत्त्याच्या एका पेढीकडे पत्राने मजूर मागितले. ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ या जहाजांतून सुमारे ४०० माणसे कराराने निघाली आणि मे १८३८ मध्ये ब्रिटिश गयानात उतरली. त्यातली काही व्रीड-एन-हूपवर गेली. हाल आणि मारहाणीच्या बातम्या बाहेर आल्या आणि अशी भरती काही वर्षे बंद ठेवावी लागली. गयानात ५ मे हा भारतीयांच्या आगमनाचा दिवस आजही पाळतात.

प्रश्न : ‘सर विल्यम ग्लॅडस्टन’ लिहावे का? वंशावळ करतो आहे.

उत्तर : या पंतप्रधानांपुरते तरी नको. बॅरोनेटपद, म्हणजे थोरल्या मुलाकडे वारशाने जाणारा ‘सर’ हा किताब, १८४६ मध्ये वडिलांना मिळाले आणि १८५१ मध्ये ते वारल्यावर थोरले भाऊ टॉमस यांच्याकडे गेले. विल्यम हे मुलग्यांत चौथे. १८८५ मध्ये राणीने देऊ केलेले अर्लपदही (उमरावपद) त्यांनी नाकारले. अपत्ये आठ धरा. चार वर्षांची जेसी १८५० मध्ये वारली, तिचे नाव हटकून गळते. वडिलांच्या आधीच्या पिढ्या स्कॉटिश नोंदींत ‘ग्लॅडस्टन्स’ या नावाखाली शोधा. शेवटचा ‘स’ कायद्याने सुटला तो १८३५ मध्ये.