गणित की लेखन, असे विचारण्याआधी

गणितात गती आहे, पण लिहिण्याची ओढ सुटत नाही आणि दोन्हींच्या मागे लागल्यास हाती काहीच लागणार नाही, ही काळजी मी समुपदेशक म्हणून तरुणांकडून, आणि त्यांच्यापेक्षाही त्यांच्या पालकांकडून, वारंवार ऐकते. म्हणून एका विद्यार्थिनीची हकिगत, तिच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे मांडत आहे.

ती गणितात एम.एस्सी. करत होती. वृत्तबद्ध कविता हा तिचा शाळेपासूनचा छंद होता आणि गणितातल्या कल्पना ललित अंगाने मराठीत मांडण्याची तिची धडपड चालू होती. सोबत आलेले वडील म्हणाले, “मॅडम, एक ना धड भाराभर चिंध्या, असं चाललंय हिचं. नेट-सेटचा अभ्यास करायचा सोडून लिहीत बसते.” तिचे दुखणे मात्र निराळे होते. “वर्गातले म्हणतात, हे गणित नाही. कविता लिहिणारे म्हणतात, हे साहित्य नाही. मग मी करते ते काय?”

सुरुवातीच्या भेटींत आम्ही दोन्ही वाटांचे फायदे-तोटे लिहून पाहिले. त्यातून तिला ठाऊक नव्हते असे काहीच निघाले नाही. माणसाच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्याच्या स्वतःच्या अनुभवातच असते आणि ते त्याला ऐकू येईल असा प्रश्न शोधणे हे समुपदेशकाचे काम आहे, अशी माझी धारणा आहे. म्हणून मी विचारले, “एखादी गोष्ट समजावून सांगताना तुझे वेळेचे भान हरपले, असे शेवटचे कधी झाले?”

मामेभावाला वृत्ते शिकवताना, असे ती म्हणाली आणि माझ्यासमोरचा कागद ओढून तिने त्यावर ‘यमाताराजभानसलगा’ असे लिहिले. वृत्तातले गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, लक्षात ठेवण्याचे हे सूत्र मलाही पाठ होते. तिने पहिल्या तीन अक्षरांखाली रेघ ओढली: यमाता, म्हणजे लघु (ऱ्हस्व), गुरू (दीर्घ), गुरू, हा य गण. मग एक अक्षर पुढे सरकून मातारा, तिन्ही गुरू. हा म गण. असे सरकत ती सलगापर्यंत गेली. “प्रत्येक जागी लघु किंवा गुरू, म्हणजे तीन जागांसाठी आठच प्रकार होतात. ते आठही इथे एकेकदाच येतात, एकही सुटत नाही आणि एकही दोनदा येत नाही. आठ त्रिकांना निदान दहा अक्षरं लागतातच, आणि हे सूत्र बरोबर दहा अक्षरांचं आहे!” तिच्या आवाजात तोवर कधीही न ऐकलेला ठामपणा होता.

मी एवढेच विचारले, “यात कविता कुठे संपली आणि गणित कुठे सुरू झाले?”

ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. “तशी जागाच नाहीये यात,” ती म्हणाली, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखे, “मला दोन गोष्टी नाही करायच्या. मला हे दाखवायचंय.” इतके दिवस ती ज्याला आपली दुविधा समजत होती तो तिचा विषय होता, आणि हे तिला माझ्याकडून नव्हे, तर स्वतःच्या तोंडून कळले, याचे मला आजही समाधान वाटते. अशा वेळी समुपदेशकाने उत्तर देण्याची घाई केली नाही, तर सापडलेले उत्तर टिकते.

वडिलांशी मी गणिती द. रा. कापरेकरांविषयी बोलले. देवळालीच्या शाळेत शिकवून त्यांनी संसार चालवला आणि संख्यांचा नाद आयुष्यभर सोडला नाही. त्याच नादातून १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचे वैशिष्ट्य पुढे आणले: सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले, की शेवटी ६१७४ च येते. ‘डेम्लो’ या एका खास प्रकारच्या संख्यांना तर त्यांनी, ज्या रेल्वे स्थानकावर ती कल्पना सुचली, त्याचेच नाव दिले. उपजीविका आणि आवड यांचा मेळ आधी नोकरीने बसवावा लागतो, हे वडिलांचे म्हणणे रास्तच होते. परीक्षेचा अभ्यास सोडायचा नाही आणि लेखनाचे ठरावीक तास कोणी मोडायचे नाहीत, असे दोघांनी मिळून ठरवले.

अशा लेखनाकडे वळणाऱ्यांना मी दोन गोष्टी आग्रहाने सांगते. आपली आवड काढून टाकली तरी लेखातले गणित जसेच्या तसे उरत असेल, तर ती आवड केवळ सजावट ठरते. संगीत असो, रांगोळी असो वा क्रिकेट, गणित त्याच्या आतून निघाले पाहिजे. दुसरे म्हणजे, लेख दोघांना वाचायला द्यावा: सिद्धतेतली चूक दाखवू शकेल अशा शिक्षकाला आणि गणिताची धास्ती असलेल्या एखाद्या जवळच्या माणसाला. पहिल्याने मान्य केले आणि दुसरा मध्येच अडला, तर लेख पुन्हा लिहावा. तिच्या बाबतीत हा दुसरा वाचक मामेभाऊ होता. पुढे त्याच्या जोडीला वडीलही आले, आणि आता ते लेखातल्या अडलेल्या ओळींवर पेन्सिलीने खुणा करून देतात.