साठीनंतरची गिटार आणि लावलेले दार

प्रश्न : ताई, माझे वय 61 आहे. मुलीने कॉलेजात असताना घेतलेली आणि पुढे कित्येक वर्षे माळ्यावर पडून राहिलेली गिटार निवृत्तीनंतर मी खाली काढली, पुसली आणि शिकवणी लावली. तरुणपणी राहून गेलेली हौस होती. वर्गात माझ्याखेरीज सगळी शाळकरी मुले आहेत. ती भराभर पुढे गेली आणि मी ‘एफ’ कॉर्डपाशी (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे सूर) अडकून पडलो आहे. बोटांची टोके हुळहुळतात, अंगठ्याच्या बुंध्याशी दुखते आणि एवढे करून तारांतून नुसती खरखर ऐकू येते. घरच्यांना त्रास नको म्हणून मी दार लावून अगदी हळू वाजवतो. परवा पत्नी म्हणाली, ‘या वयात हे कशाला मागे लावून घेतलेत?’ ती वाईट हेतूने बोलली नाही, पण ते मनाला लागले. त्यातच घरच्या एका समारंभात बाबांनी एक तरी गाणे वाजवावे, असा मुलीचा हट्ट आहे. वय झाले हे मान्य करून गिटार पुन्हा माळ्यावर ठेवावी का?
— एक संकोची विद्यार्थी

उत्तर : तुमच्या पत्रात सगळा दोष वयाच्या माथी मारलेला आहे आणि गिटारची मात्र कोणी चौकशीच केलेली नाही. माझा पहिला संशय तिच्यावर आहे. तारा ताणलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या गिटारची मान हळूहळू पुढे वाकते आणि ब्रिजजवळची (खालच्या टोकाला तारा जेथे अडकवतात तेथली) फळी फुगून वर येते, कारण लोखंडी तारांच्या गिटारवर सहा तारांचा एकत्रित ताण साधारण सत्तर किलोच्या आसपास असतो. परिणामी तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या कांबींपासून, उंच उचलल्या जातात आणि त्या दाबायला बराच जास्त जोर लागतो. बाराव्या फ्रेटपाशी मोजपट्टी धरून जाड तारेखालचे अंतर मोजा. ते अडीच मिलिमीटरच्या जवळपास असेल तर ठीक आहे. चार किंवा त्याहून अधिक भरले तर त्या वाद्यावर शाळकरी मुलाचीही बोटे सोलली गेली असती. अशी गिटार वाद्यदुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे न्यावी, मान सरळ करून घ्यावी आणि गंजलेल्या तारा काढून पातळ जातीच्या बसवून घ्याव्यात.

दुसरी परीक्षा घरीच करता येते. ‘एफ’साठी धरता तोच हात तसाच्या तसा पाचव्या फ्रेटवर नेऊन पाहा. तेथे सगळ्या तारा स्वच्छ वाजल्या आणि पहिल्या फ्रेटवर मात्र वाजल्या नाहीत, तर बोटांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पहिला फ्रेट नटला, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीला, लागूनच असतो. नटच्या खाचा उंच राहिल्या असतील तर तेथे तार दाबणे सर्वांत जड जाते, शिवाय फ्रेटमधील अंतरही त्या टोकाला सर्वाधिक असते. नवशिक्याला सर्वांत अवघड जागी सर्वांत अवघड कॉर्ड लवकर शिकवण्याची पद्धत मला कधीच पटलेली नाही, परंतु ती सर्रास दिसते.

तोवर ‘एफ’ला वळसा घाला. ‘सी’ कॉर्ड धरा. तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटपाशी आहे, ती तेथेच राहू द्या. मधले बोट चौथ्या तारेवरून तिसऱ्या तारेवर आणि अनामिका पाचव्या तारेवरून चौथ्या तारेवर, आपापल्या फ्रेटमध्येच, एकेक तार खाली सरकवा. सर्वांत पातळ तार मोकळी ठेवा, वरच्या दोन जाड तारांना उजवा हात लावू नका. हा झाला ‘एफ मेजर सेव्हन्थ’, आणि बहुतेक साध्या गाण्यांत तो ‘एफ’च्या जागी बेलाशक चालतो, किंबहुना माझ्या कानाला तो अधिक गोड लागतो. यात तडजोड केल्याची बोच मानू नका. जँगो राइनहार्ट या विख्यात वादकाच्या डाव्या हाताची दोन बोटे 1928 च्या आगीत निकामी झाली, तेव्हा त्याने उरलेल्या बोटांना झेपेल अशी बोटांची मांडणी नव्याने बसवली आणि त्यानंतरच तो जगभर नावाजला गेला. नव्वदीतही मैफली करणाऱ्या सेगोव्हिया या स्पॅनिश गिटारवादकाचे उदाहरण तुम्हाला कोणीतरी दिलेच असेल; ते मात्र सोडून द्या, कारण तो लहानपणापासून वाजवत होता आणि तुमचा प्रश्न अगदी वेगळा आहे.

दुखण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. बोटांच्या टोकांचे हुळहुळणे काही आठवड्यांच्या नियमित सरावाने कमी होते, तेथे घट्टे पडतात आणि पुढे ते जाणवतही नाही. अंगठ्याच्या बुंध्याचे दुखणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. ते बहुधा गिटारची मान मुठीत आवळून धरल्यामुळे होते. अंगठा क्षणभर पूर्णपणे काढून घ्या आणि केवळ उजव्या कोपराने गिटार अंगाशी दाबून, डाव्या हाताच्या वजनाने तार दाबून पाहा. अंगठ्याचे काम किती थोडे आहे, हे लगेच ध्यानात येईल. बोट फ्रेटच्या मागे, पण त्याला जवळजवळ टेकेल असे ठेवले तर जोरही कमी लागतो आणि खरखरही थांबते. सलग तासभर बसण्याऐवजी दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटे बसा. एवढे करूनही सांधा दुखत राहिला, सकाळी बोटे आखडली किंवा हाताला मुंग्या आल्या, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. तेथे चिकाटी दाखवण्यात काही शहाणपण नाही. सांध्यांनाच त्रास असल्याचे निघाले तर नायलॉनच्या तारांची गिटार पुष्कळ सौम्य पडते, तिच्यावरचा ताण लोखंडी तारांच्या निम्म्याच्या आसपास असतो. (मात्र नायलॉनसाठी घडवलेल्या गिटारला लोखंडी तारा कधीही चढवू नयेत, ती मोडते.) आणखी एक सोपा उपाय म्हणजे सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा) लावणे : सूर मूळचेच राहतात, हाताखालची तार मात्र सैल होते आणि उंच नटचा जाचही वाचतो.

आता त्या लावलेल्या दाराविषयी. तुम्ही लिहिता की कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून तुम्ही अगदी हळू वाजवता. माझ्या मते तुमचे अर्धे अपयश येथेच आहे. ऐकू जाऊ नये या धास्तीने उजवा हात तारांना जेमतेम शिवतो, डावा हातही बिचकत दाबतो आणि निघणारा आवाज दबका, फरफरता येतो. तो ऐकून तुमचा धीर आणखी सुटतो. शिवाय चोरून वाजवणाऱ्या माणसाचा ठेका टिकत नाही, कारण त्याचे निम्मे लक्ष दाराकडे असते. दार उघडे ठेवून, दिवसाच्या ठरावीक वेळी, खणखणीत वाजवा. हा काळ घरच्यांना कर्कश वाटेलही, परंतु वेळ ठरलेली असली की लोक तेवढे सहज चालवून घेतात. त्यांना अवघडल्यासारखे होते ते लपवालपवीमुळे.

पत्नीच्या बोलण्याचा अर्थ तुम्ही स्वतःच लावला आहे आणि तो मला घाईचा वाटतो. बंद दारामागे वैतागणारा, हात चोळत बाहेर येणारा नवरा त्यांना रोज दिसतो आहे. त्याला आनंद होतो आहे, हे त्यांनी अद्याप पाहिलेलेच नाही. ‘हे कशाला मागे लावून घेतलेत’ हा प्रश्न त्यामुळे मला काळजीपोटी आलेला वाटतो. त्यांना उत्तर देत बसू नका. त्यांच्या आवडीचे एखादे गाणे विचारा, ते तीन कॉर्डमध्ये बसते का पाहा आणि त्यांना गुणगुणायला सांगा. गाणारे माणूस समोर असले की कॉर्ड वेळेवर बदलावीच लागते, आणि एकट्याने कितीही सराव केला तरी ती शिस्त सहसा अंगी लागत नाही.

शिकवणी सोडा असे मी म्हणणार नाही, पण वर्ग बदला. मुलांना पुढच्या परीक्षा आहेत, श्रेणी आहेत. तुम्हाला त्यातले काहीच नको आहे आणि तरीही तुम्ही त्यांच्या पुस्तकातून, त्यांच्या क्रमाने शिकत आहात. शिक्षकांशी एकदा मोकळेपणाने बोला. मला अमुक गाणी वाजवता यायला हवीत, बाकी मागाहून, असे स्पष्ट सांगा आणि जमल्यास आठवड्यातला एक तास स्वतंत्र मागून घ्या. मुलांच्या बोटांशी तुमच्या बोटांची शर्यत लागणार नाही, हे खरेच आहे. परंतु इतकी वर्षे गाणी ऐकलेला कान तुमच्याजवळ आहे. कडव्याची चाल कोठे वळते आणि कॉर्ड कोठे बदलायला हवी, हे तुम्हाला आधी कळते आणि बोटे मागून येतात. मुलांचे पुष्कळदा याच्या उलट असते.

राहता राहिला समारंभ. मुलीला होकार द्या, फक्त अटी तुमच्या असू द्या. गाणे एकच, दोन कडव्यांचे, ‘जी’, ‘सी’ आणि ‘डी’ एवढ्यावर भागणारे. गाणार मुलगी, तुम्ही फक्त साथ करणार. तिचा आवाज वरच्या पट्टीतला असेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा, सगळे एक पूर्ण सूर चढेल आणि तुमच्या बोटांना नवे काहीही करावे लागणार नाही. आधीचे दोन आठवडे तिच्याबरोबरच सराव करा आणि तो सराव, चुकले तरी न थांबता, गाणे शेवटपर्यंत नेण्याचा असू द्या. डावा हात वेळेवर पोहोचला नाही तर मोकळ्या तारांवर ठेका चालू ठेवा आणि पुढच्या मात्रेला कॉर्ड पकडा. ऐकणाऱ्याला चुकलेली कॉर्ड क्वचितच कळते, थांबलेला उजवा हात मात्र हमखास कळतो. नव्या तारा समारंभाच्या आदल्या दिवशी बसवू नका, त्या ताणून स्थिरावेपर्यंत सारख्या उतरतात. आठवडाभर आधी बसवा आणि वाजवायला बसण्यापूर्वी ट्यूनरवर (सूर जुळवण्याच्या यंत्रावर) सहाही तारा पुन्हा एकदा लावून घ्या.