पाहुणे, मासे आणि मैत्री: इंग्रजी म्हणी शिकताना

म्हणीच्या अर्थाबरोबर ती कोण कोणाला म्हणतं हेही वहीत लिहा. नवशिक्यांची गफलत तिथेच होते. ‘फिश अँड व्हिजिटर्स स्टिंक इन थ्री डेज’ ही बेंजामिन फ्रँकलिनने १७३६च्या पंचांगात छापली, पण कल्पना त्याहून जुनी आहे. तीन दिवसांत मासाही नकोसा होतो आणि पाहुणाही. निघताना पाहुण्याने स्वतःबद्दल म्हटली तर छान हशा पिकतो. यजमानाने ऐकवली तर तो सरळ अपमान, मग तुम्ही कितीही हसत म्हणा.

‘बर्ड्स ऑफ अ फेदर’ म्हणजे एकाच जातकुळीची माणसं. त्यात ‘सेम’ घुसवू नका. पुढचं ‘फ्लॉक टुगेदर’ लोक बऱ्याचदा गाळतात. सूर पुष्कळदा टीकेचा असतो, म्हणून मित्राच्या सत्काराच्या भाषणात ती नकोच. ‘टूज कंपनी’ही अशीच अर्ध्यावर थांबते. पुढचं ‘थ्रीज अ क्राउड’, म्हणजे तिसरा आला की गर्दी, हे तिसऱ्याने समजून घ्यायचं.

‘अ फ्रेंड इन नीड’ म्हणजे गरजू मित्र असं बरेच जण धरून चालतात. रूढ अर्थ मात्र आपल्या अडचणीत धावून येणारा मित्र.

आठवड्याला दोनच म्हणी घ्या. प्रत्येकीचं बातमीतलं किंवा मालिकेतलं एक खरं वाक्य सापडेपर्यंत ती स्वतः वापरू नका.