वाचकांचे प्रश्न : ट्रेलरच्या दिव्यांची वायरिंग

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. गणेशोत्सवातील ढोल-ताशे नेण्यासाठी छोटा ट्रेलर घेतला आणि २०१५ च्या मोटारीला टो-बार बसवून घेतला. सात पिनांच्या सॉकेटची वायरिंग मात्र मी स्वतः केली. मोटारीच्या मागील दिव्यांच्या वायरींवर दाबून बसवायच्या निळ्या क्लिपा लावून जोड घेतले आणि पांढरी वायर डिकीतील एका स्क्रूखाली अडकवली. आता ब्रेक दाबला की ट्रेलरचे ब्रेकचे दिवे जेमतेम पेटतात, उलट टेल लाइट उजळतात. शिवाय ‘बल्ब गेला’ अशी सूचना डॅशबोर्डवर सारखी येते. चूक कोठे झाली असावी?

उत्तर : आपण सांगितलेली लक्षणे दोन वेगवेगळ्या दोषांची आहेत, म्हणून एका उपायाने दोन्ही जाणार नाहीत.

ब्रेक दाबल्यावर भलतेच दिवे उजळणे हे ‘अर्थ’ (earth), म्हणजे प्रवाह परत नेणारी जोडणी, नीट नसल्याचे ठळक लक्षण आहे. ट्रेलरवरील सर्व दिव्यांचा प्रवाह सॉकेटच्या तीन क्रमांकाच्या पिनवरील पांढऱ्या वायरीने परत जातो. ती वाट अडली की ब्रेकच्या बल्बमधून आलेला प्रवाह शेजारच्या बल्बमधून उलटा शिरतो आणि मोटारीच्या दिव्यांतून परतीची वाट काढतो. डिकीतील स्क्रू बहुधा रंगवलेल्या पत्र्यात असतो आणि रंगाचा थर वीज अडवतो. खात्री करून घ्यायची असेल तर ट्रेलर जोडून सर्व दिवे लावा आणि एक लांब वायर बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट तीन क्रमांकाच्या पिनला टेकवा. दिवे तत्काळ सुधारले तर दोष सापडला. मग पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, किंवा त्याहून उत्तम म्हणजे मोटारीच्या मूळ अर्थच्या बोल्टवर, २.५ चौरस मिलिमीटरची वायर रिंग लावून घट्ट कसा. कधी कधी टो-बारचा गोळा आणि ट्रेलरची कडी यांच्या स्पर्शातूनच अर्धवट अर्थ मिळतो. त्यामुळे उभ्या गाडीत सर्व ठीक दिसते आणि खड्डा आला की दिवे लुकलुकतात.

सॉकेटची मागची टोपी काढलीच आहे तर इतर जोडही पाहून घ्या. पिवळी १ डावा इंडिकेटर, निळी २ फॉग लाइट, हिरवी ४ उजवा इंडिकेटर, तपकिरी ५ उजवा टेल लाइट, लाल ६ ब्रेक आणि काळी ७ डावा टेल लाइट असा क्रम असतो. क्रमांक प्लॅस्टिकवरच बारीक अक्षरांत कोरलेले असतात. तेच वाचा, कारण मागून पाहताना पिनांची मांडणी आरशातल्यासारखी उलटी दिसते. एखाद्या स्क्रूवर हिरवट थर दिसला तर पाणी आत शिरत आहे, असे समजावे.

आता डॅशबोर्डवरील सूचनेकडे वळू. इंडिकेटरचा एक बल्ब २१ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे पावणेदोन अँपिअर घेणारा असतो. क्लिपेमुळे ट्रेलरच्या बल्बचा भारही त्याच वायरीवर पडतो. आपल्या मोटारीसारख्या गाड्यांत संगणक प्रत्येक दिव्याचा प्रवाह तपासतो आणि वाढलेला भार त्याला बिघाडच वाटतो. त्या निळ्या क्लिपा आजच काढून टाका, असे मी आग्रहाने सांगेन. त्यांची पाती वायरीचे तंतू तोडते आणि उघड्या पडलेल्या तांब्याला ओल लागते. त्याऐवजी बायपास रिले वापरावा. तो मोटारीच्या वायरींकडून केवळ इशारा घेतो आणि दिव्यांना वीज मात्र थेट बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूजमधून पुरवतो. तो फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. नाहीतर डिकीपर्यंत जाणारी लांब वायर कोठे घासली गेली तर तिला संरक्षणच उरत नाही.

काही मोटारींत एकाच बल्बला वीज तुटक ठोक्यांनी पुरवून त्याच्याकडून टेल आणि ब्रेक अशी दोन्ही कामे घेतली जातात. आपली मोटार तशी असेल तर साधा रिले गोंधळेल. अशा वेळी त्या मॉडेलसाठीच बनवलेला वायरिंग संच घ्या आणि मोटारीच्या संगणकात त्याची नोंद करून घ्या. खर्च वाढतो खरा, पण ट्रेलर जोडताच मागचे पार्किंग सेन्सर आपोआप बंद होण्यासारख्या सोयी त्यातच मिळतात. ब्रिटनमध्ये ट्रेलरचे इंडिकेटर चालू असल्याचे चालकाला दिव्याने किंवा आवाजाने कळणे आवश्यक असते, म्हणून रिले निवडताना त्यात बझर आहे ना, हे दुकानातच पाहून घ्या.