पेशंटसोबत नागपूरला जाशील तेव्हा

ताई, तू आशा सेविका म्हणून नवी आहेस, म्हणून आधीच सांगते. कॅन्सरच्या पेशंटसोबत नागपूरला किंवा सेवाग्रामला मोठ्या दवाखान्यात निघालीस की घरचे तुला दारातच बाजूला घेतील, ‘बाबांना काही सांगू नका बाप्पा’ म्हणतील. तिथं हो-नाही काहीच म्हणू नको. एकांत मिळाला की बाबांनाच विचार, ‘डॉक्टर सांगतील ते तुम्हाला ऐकायचं आहे, की पोराला ऐकू द्यायचं?’ बहुतेकांना अंदाज आलेला असतोच. ते जे म्हणतील ते ओपीडीत शिरताच डॉक्टरांच्या कानावर घाल.

तिथं वेळ कमी असतो, म्हणून प्रश्न कागदावर लिहून ने. एक प्रश्न कधीच सोडू नको: ‘हे उपचार आजार बरा करायला आहेत, की त्रास कमी करायला?’ हे न विचारल्यानं लोक वावर विकून बसतात. डॉक्टर इंग्रजीत गेले तर लाजू नको, आणि आपल्याला काय समजलं ते त्यांनाच परत सांगून पाहा. महात्मा फुले योजनेचे, म्हणजे सरकारी मोफत उपचारांच्या योजनेचे कागद दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे त्या योजनेच्या मदतनिसाकडे विचार. त्यात डॉक्टरांची मिनिटं घालवायची नाहीत.

बाबा खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटलेली, किती खायचे, कोणता झाडपाला चालू आहे, हे लपवू देऊ नको. घरचे रागावतील, रागावू दे. आणि ‘थोडं दुखते’ एवढ्यावर थांबू नको. झोप लागते का, भाकर गिळता येते का, ते सांग. दुखण्यावर तोंडानं घ्यायचं मॉर्फिन असतं, त्याबद्दल आपणच विचारायचं.