आजारी मोजले, निरोगी कोण मोजणार?

प्रश्न : पशुवैद्यक म्हणून सहा वर्षे उपचार करतो आहे. साथ तपासणीचे दोन दिवसांचे प्रशिक्षणही झाले. पण साथ आली तेव्हा पहिल्या गोठ्यात काय करायचे तेच सुचेना. प्रशिक्षण कसे असायला हवे?

उत्तर : दोन दिवसांत व्याख्याने उरकतात, हात बसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा सेवेतल्या पशुवैद्यकांसाठीचा 'आयसॅव्हेट' अभ्यासक्रम चार महिन्यांचा आहे : चार आठवडे वर्गात आणि तीन महिने आपापल्या कामाच्या ठिकाणी. ही विभागणी योग्यच आहे, कारण इथे आधी एक सवय मोडायची असते : आजारी जनावर दिसले की त्याच्याकडे धावण्याची.

साथ तपासताना निरोगी जनावरेही मोजावी लागतात. समजा, तळ्यावर पाणी पिणाऱ्या १२० जनावरांपैकी ३६ आजारी पडली आणि विहिरीवरच्या ८० पैकी ८. नुसत्या ४४ आजारी जनावरांच्या यादीतून फार काही कळत नाही. एकूण संख्या हाती असली की ३० टक्के आणि १० टक्के, म्हणजे तिप्पट धोका, लगेच दिसतो. दोष पाण्याचा असेलच असे नाही; तळ्यावर कळप एकमेकांत मिसळत असतील. पण पुढचा प्रश्न कुठे विचारायचा ते ठरते.

मोजण्याआधी 'आजारी कोणाला म्हणायचे' हे लिहून काढा. लाळ्या-खुरकुत या विषाणूजन्य रोगात 'लंगडणारे जनावर' एवढीच व्याख्या ठेवली तर खडा रुतलेला बैलही यादीत येतो. 'अमुक तारखेनंतर लाळ गळणे, शिवाय तोंडात किंवा खुरांत फोड' अशी काटेकोर ठेवा. संशयित आणि प्रयोगशाळेने खात्री केलेली जनावरे वेगवेगळी नोंदवा.

मग सर्वांत जुना फोड शोधा. दुसऱ्या दिवशी नुकता फुटलेला फोड लालभडक असतो, कडा स्पष्ट असतात. तिसऱ्या दिवसापासून कडा पुसट होऊ लागतात, जखमेवर पिवळसर थर धरतो. सातव्या दिवसापर्यंत जखम भरून तिचा वण दिसतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला २ ते १४ दिवस लागतात. म्हणून सर्वांत जुना फोड ४ दिवसांचा असेल, तर ६ ते १८ दिवसांपूर्वी कोणते जनावर, वाहन किंवा माणूस गोठ्यात आला ते विचारायचे. 'गेल्या महिन्यात काही विशेष?' असे विचारले तर पशुपालक 'काही नाही' म्हणतो. बाजाराचा दिवस किंवा सण धरून विचारले की त्याला आठवते. हे पुस्तकातून येत नाही, गोठ्यातच शिकवावे लागते.

प्रश्न : नमुने पाठवतो, पण अहवाल 'रोगजंतू आढळला नाही' असाच येतो. कुठे चुकते?

उत्तर : बहुतेकदा वेळ आणि साठवण चुकते. लाळ्या-खुरकुतासाठी न फुटलेल्या किंवा नुकत्या फुटलेल्या फोडाची किमान १ ग्रॅम त्वचा हवी, तीही ग्लिसरीन आणि फॉस्फेट बफरच्या समप्रमाण मिश्रणात, ७.२ ते ७.६ सामूला (पीएच). आम्लता वाढली की हा विषाणू झपाट्याने मरतो. फॉर्मेलिनमध्ये टाकलेल्या तुकड्यातून विषाणू वाढवता येत नाही. रक्तजल (सीरम) हवे असेल तर साध्या नळीतले रक्त आधी सावलीत गोठू द्या. थेट बर्फात किंवा फ्रीझरमध्ये ठेवले तर रक्तपेशी फुटून रक्तजल लाल होते.

एक सक्त सूचना : अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे रक्त येत असेल तर फाशी रोगाचा (अँथ्रॅक्स) संशय धरा आणि शवविच्छेदन करू नका. शव उघडले की हवा लागून जिवाणूंचे बीजाणू बनतात आणि जमिनीत कित्येक दशके टिकतात. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणीसाठी काचपट्टीवर पसरा, तेवढे पुरते.

प्रश्न : साथ ओसरल्यावरही दर आठवड्याला अहवाल का द्यायचा?

उत्तर : कोरा रकाना आणि 'शून्य' यांत फरक आहे म्हणून. शून्य म्हणजे पाहिले आणि सापडले नाही. कोरा म्हणजे कोणी पाहिलेच नाही. अहवालात तपासलेल्या जनावरांचा आकडाही लिहा : ३०० तपासून आलेले शून्य आणि ५ तपासून आलेले शून्य एकच नव्हे.